मऊ

गडचिरोलीहून बर्फाच्या डब्यातून आलेली पिशवी
मी फ्रीजमधून काढते, तळहातांवर तोलते.
दूध न काढलेल्या कासेसारखी जड.
गट जुळवते. नंबर जुळवते. एकविसावा दिवस.
रजिस्टरात लिहिते : जमुना कोवे, वय नऊ.
तिची ही सव्विसावी.

सुईला ती भीत नाही.
नळीचं पाकीट फाडलं की मात्र नाक मुरडते :
"मॅडम, याचा वास माह्या बाहुलीवानी येते,
मार्कंड्याच्या जत्रेतल्या."
रैजीबाई, तिची माय, विचारते, "काहून जी?"
नवं आहे ना, म्हणून, मी म्हणते.
उत्तर खरं आहे. पुरतं नाही.

पुरतं असं, की दवाखान्यामागचा बोअरचा पाईप,
करडा, ठणठणीत, उन्हानं तडकलेला,
आणि ही नळी, ही पिशवी,
एकाच घराण्यातली.
हिला मऊ करायला कारखान्यात एक तेलकट द्रव मिसळतात.
तो प्लास्टिकशी गाठ बांधत नाही,
नुसता राहतो आत, करार नसलेल्या भाडेकरूसारखा.
(अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर सहा वर्षं काढलेली मी.
मला तो लगेच समजला.)
फट दिसली की निघतो.
उन्हात लवकर, तेला-चरबीत आणखी लवकर,
आणि रक्तात, थंड फ्रीजमध्येसुद्धा, रोज थोडा.

नागपूरच्या प्रशिक्षणात शेवटच्या तासाला
एक डॉक्टर घाईघाईनं सांगून गेले :
उंदरांच्या पिल्लांवर परिणाम दिसलेत,
माणसांचं अजून ठाम सांगता येत नाही,
नवजात बाळं, वारंवार रक्त घेणारी मुलं, यांना जपा.
मग हसून म्हणाले, पण गंमत बघा,
तोच पदार्थ तांबड्या पेशींना सावरून धरतो,
तो नसला तर त्या पिशवीतच लवकर फुटतात.
'गंमत' मी वहीत लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.
जपा म्हणजे कसं, हे विचारायच्या आत
जेवणाची सुट्टी झाली.

आमच्या स्टोअरला टिनाचं छत.
एप्रिलात नळ्यांची खोकी हाताला चटका देतात.
खोकी आत हलवण्यासाठी अर्ज केला,
उत्तर आलं : सदर साहित्य पुरवठ्यास उपलब्ध नाही.
मग मी आणि लहानू वाघाडेनं एका रविवारी
सगळी ओढत लसींच्या खोलीत नेली.
माझ्याच्यानं झालं ते एवढंच.

पिशवीवाचूनची जमुनाही पाहिली आहे मी.
धान कापणीचे दिवस, मोटारसायकलवर
दोघांच्या मध्ये घट्ट धरून आणलेली,
गुडघे सुजलेले, डोळे हळदीसारखे,
आणि तो आवाज.
तो आवाज मी कशाबरोबर तोलू?
दुसऱ्या पारड्यात जे आहे त्याला रंग नाही,
रजिस्टरात त्याला रकाना नाही.
सव्वीस पिशव्यांतून किती गेलं,
किती लघवीवाटे बाहेर पडलं,
वयात येताना तिच्या अंगात कोण काय मागेल,
कुणी मोजलेलं नाही. निदान इथे नाही.

"सलाईनची रिकामी बाटली भेटन का जी?
टोरीचं तेल ठेवाले."
नाही, मी म्हणते.
"काहून?"
बाटली त्या नळीच्या जातीची नाही, हे मला ठाऊक आहे.
तरी या वेळी मी सांगते, सगळंच, जमेल तसं :
नव्या मडक्यातल्या पाण्याला
मातीची चव लागते ना रैजीबाई, तसंच काहीसं.

ती बराच वेळ नळीकडे बघत राहते.
"मडक्याचं पयलं पानी आमी फेकून देतो," म्हणते.
"याचं पयलं पानी कोनतं, मॅडम?"

जमुना झोपली आहे, तोंड उघडं.
ओठांवर रंग येऊ लागलाय.
मी घड्याळ धरून थेंब मोजते,
एकोणीस, वीस,
चुकतं. पुन्हा एकपासून.